मोटारगाड्यांच्या नाममुद्रांची किंमतश्रेणी

एकाच उत्पादनसंस्थेने आपल्या मोटारगाड्या निरनिराळ्या नावांनी, किंमत व प्रतिष्ठा यांच्या चढत्या पायऱ्यांवर मांडून, उत्पन्न वाढेल त्याप्रमाणे ग्राहकास खालच्या पायरीवरून वरच्या पायरीवर जाण्यास प्रवृत्त करण्याची विक्रयनीती. या नीतीत प्रत्येक नाममुद्रेस म्हणजे ब्रँडला ठराविक किंमतमर्यादा, ठराविक ग्राहकवर्ग व ठराविक सामाजिक अर्थ नेमून दिलेला असतो. ग्राहक हयातीत एकच गाडी घेत नाही, तर काही वर्षांच्या अंतराने अनेक गाड्या घेतो. त्यांपैकी प्रत्येक गाडी पहिल्यापेक्षा महाग, पण त्याच संस्थेची असावी, हे या नीतीचे सूत्र होय. अमेरिकेतील जनरल मोटर्स या संस्थेने १९२० नंतरच्या दशकात ती पद्धतशीरपणे अंमलात आणली. पुढे सु. ७५ वर्षे ही संस्था जगातील सर्वांत मोठी मोटारगाडी-उत्पादक संस्था होती. या यशाला किंमतश्रेणीचा मोठा हातभार लागला. तथापि ज्या काटकसरीने ही श्रेणी फायदेशीर झाली, तिच्याच अतिरेकाने ती पुढे मोडकळीस आली.

पार्श्वभूमी : विल्यम क्रेपो ड्युरंट याने १६ सप्टेंबर १९०८ रोजी जनरल मोटर्सची स्थापना केली आणि ब्यूइक, ओल्डझमोबील, ओकलंड, कॅडिलॅक इ. स्वतंत्र कारखाने दीड-दोन वर्षांत तिच्या छत्राखाली आणले. १९१० मध्ये संस्थेवरील त्याचा ताबा गेला. त्यानंतर त्याने लुई शेव्हरोले या शर्यतपटूच्या सहकार्याने १९११ मध्ये शेव्हरोले कंपनी काढली आणि तिच्या बळावर जनरल मोटर्सवर पुन्हा नियंत्रण मिळविले. १९१८ मध्ये शेव्हरोले कंपनी जनरल मोटर्समध्ये विलीन झाली. हा विस्तार वेगाने झाला. मात्र त्यामागे सुसंगत योजना नव्हती. १९२१ च्या आरंभी संस्थेच्या अनेक गाड्या जवळजवळ सारख्याच किंमतीच्या होत्या. ओकलंड, ओल्डझमोबील व शेव्हरोलेचे महाग प्रतिमान ही एकमेकांचीच गिऱ्हाइके ओढीत होती. अगदी खालच्या किंमतीत मात्र संस्थेची एकही गाडी नव्हती.

ती जागा हेन्री फोर्ड याच्या ‘टी’ प्रतिमानाने व्यापली होती. १९०८ मध्ये ८५० डॉलरला बाजारात आलेल्या या गाडीची किंमत उत्पादनतंत्रातील सुधारणांमुळे उतरत जाऊन १९२५ पर्यंत ३०० डॉलरच्याही खाली आली. एकच गाडी, तिच्या रचनेत शक्य तितका कमी बदल आणि सतत घटती किंमत, हे फोर्डचे तत्त्व होते. १९१४ ते १९२५ या काळात ती केवळ काळ्या रंगातच मिळे. १९२१ मध्ये अमेरिकेत विकल्या गेलेल्या वाहनांपैकी सु. ६० टक्के फोर्डची, तर केवळ ४ टक्क्यांच्या आसपास शेव्हरोलेची होती. समोरासमोरच्या किंमतयुद्धात फोर्डला हरविणे अशक्य होते. किंमतश्रेणीची कल्पना या अडचणीतून निघाली.

१९२१ चे उत्पादनधोरण : १९२० च्या मंदीत ड्युरंटला संस्था सोडावी लागली व प्येर ड्यू पाँ हा अध्यक्ष झाला. उत्पादनधोरण ठरविण्यासाठी नेमलेल्या समितीत आल्फ्रेड प्रिचर्ड स्लोन (२३ मे १८७५–१७ फेब्रुवारी १९६६) हा प्रमुख होता. समितीने ४५० ते ३,५०० डॉलर हा किंमतपट्टा सहा वर्गांत विभागला : ४५०–६००, ६००–९००, ९००–१,२००, १,२००–१,७००, १,७००–२,५०० व २,५००–३,५०० डॉलर. प्रत्येक वर्गात संस्थेची एक गाडी असावी, दोन वर्गांमध्ये मोठी पोकळी राहू नये आणि संस्थेच्याच दोन गाड्या एका वर्गात एकमेकींस छेदू नयेत, असे तिने सुचविले.

या योजनेचे मर्म वर्गातील गाडीच्या स्थानात होते. गाडीची किंमत तिच्या वर्गाच्या वरच्या मर्यादेजवळ ठेवावयाची आणि तिची गुणवत्ता अशी राखावयाची की, स्वस्त गाडी घेण्यास निघालेला माणूस थोडे अधिक पैसे टाकून तिच्याकडे वळेल. त्याचबरोबर महाग गाडी घेऊ पाहणाऱ्यासही जवळजवळ तीच गुणवत्ता कमी किंमतीत मिळाल्यासारखे वाटेल. फोर्डच्या ग्राहकाला फोर्डच्या किंमतीत गाडी द्यावयाची नव्हती. थोडे अधिक देण्याची त्याची तयारी करून घ्यावयाची होती. १९२३ मध्ये स्लोन अध्यक्ष झाला. प्रत्येक खिशास परवडेल व प्रत्येक प्रयोजनास चालेल अशी गाडी देण्याचे धोरण त्याने १९२४ च्या वार्षिक अहवालात भागधारकांपुढे मांडले.

शेव्हरोले, ओकलंड, ओल्डझमोबील, ब्यूइक व कॅडिलॅक असा क्रम आता रूढ झाला. शेव्हरोले व ओल्डझमोबील यांच्यामधील पोकळी भरून काढण्यासाठी जानेवारी १९२६ मध्ये पाँटिॲक ही सहा सिलिंडरांची गाडी ८२५ डॉलरला बाजारात आली. तिचे एंजिन निराळे होते. पण चासी व बॉडी यांचे अनेक भाग शेव्हरोलेच्या भागांशी जुळणारे होते. त्यामुळे शेव्हरोलेच्या प्रचंड उत्पादनातून होणारी बचत पाँटिॲकलाही मिळाली. एकच भाग दोन नावांच्या गाड्यांत वापरूनही त्या दोन निरनिराळ्या गाड्या आहेत, असे ग्राहकास पटविता येते, हे यातून सिद्ध झाले. १९२७ मध्ये ब्यूइक व कॅडिलॅक यांच्यामध्ये लासाल, तर १९२९ मध्ये ओल्डझमोबीलच्या जोडीला व्हायकिंग आणि ब्यूइकच्या जोडीला मार्केट या नाममुद्रा निघाल्या. पाँटिॲक इतकी यशस्वी झाली की, तिची मूळ नाममुद्रा ओकलंड हीच १९३१ नंतर बंद करावी लागली.

श्रेणीस गती देणारी साधने : केवळ पायऱ्या मांडल्याने ग्राहक वर चढत नाही. स्लोनच्या मते १९२० नंतर बाजाराचे स्वरूप चार गोष्टींनी बदलले : हप्त्यांची विक्री, जुन्या गाडीची अदलाबदल, बंदिस्त गाडी व दरवर्षीचे नवे प्रतिमान. या चारही गोष्टी किंमतश्रेणीस पोषक ठरल्या.

हप्त्यांवर गाडी देण्यासाठी जनरल मोटर्सने १९१९ मध्ये स्वतंत्र वित्तसंस्था काढली. हप्त्यांमुळे दोन गाड्यांच्या किंमतींतील शेकडो डॉलरचा फरक महिन्याकाठी थोड्या डॉलरांचा दिसू लागला. कर्जास प्रतिकूल असलेल्या फोर्डने मात्र १९२३ मध्ये दर आठवड्यास पैसे साठवून मग गाडी नेण्याची योजना पुढे केली. तीस अल्प प्रतिसाद मिळाला.

दुसरे साधन जुन्या गाडीचे. १९२० नंतरच्या दशकाच्या मध्यापर्यंत ज्यांना पहिली गाडी घेणे शक्य होते, अशा बहुतेकांनी ती घेतली होती. नवीन गाडी घेणारा ग्राहक आता बव्हंशी जुनी गाडी विक्रेत्याकडे देऊन तिची किंमत नव्या गाडीच्या पहिल्या हप्त्यात वळती करून घेणारा होता. याउलट ज्याला केवळ स्वस्त वाहन हवे होते, त्यास थोडी वापरलेली पण चांगली गाडी नव्या फोर्डच्या किंमतीत मिळू लागली. सर्वांत खालची पायरी अशा रीतीने जुन्या गाड्यांनी व्यापली आणि नव्या गाडीने काहीतरी अधिक देणे अपरिहार्य झाले.

हे ‘अधिक’ प्रथम बंदिस्त गाडीने दिले. बंदिस्त गाड्यांचे प्रमाण १९२४ मध्ये ४३ टक्के होते. ते १९२७ मध्ये ८५ टक्क्यांवर गेले. ‘टी’ प्रतिमानाची हलकी चासी मुळात उघड्या गाडीसाठी आखलेली होती. लवकर वाळणाऱ्या ड्यूको रोगणामुळे रंगांची विविधता स्वस्त झाली. १९२७ मध्ये जनरल मोटर्सने कला व रंग विभाग स्थापून लासालचा आकार घडविणाऱ्या हार्ली अर्ल यास त्याचे प्रमुखपद दिले. गाडीचे बाह्यरूप दरवर्षी थोडे बदलण्याचे काम या विभागाने केले. त्यामुळे सुस्थितीतील गाडीही दोन-तीन वर्षांत जुनी दिसू लागली. फोर्डने मे १९२७ मध्ये ‘टी’ प्रतिमानाचे उत्पादन थांबविले व सु. सहा महिन्यांनी ‘ए’ हे नवे प्रतिमान बाजारात आणले.

मंदी व समाईक सांगाडे : १९२९ मध्ये अमेरिकेत ५३ लाखांवर वाहने तयार झाली होती, १९३२ मध्ये ही संख्या १३ लाखांवर आली. व्हायकिंग व मार्केट या नाममुद्रा बंद झाल्या, लासाल १९४० पर्यंत टिकली. ब्यूइक, ओल्डझमोबील व पाँटिॲक यांची विक्रीव्यवस्था काही काळ एकत्र करण्यात आली. याच दशकात बॉडीचे थोडेच मूळ सांगाडे पाचही नाममुद्रांत वाटून वापरण्याची पद्धत दृढ झाली. ग्राहकास भेद दिसावा म्हणून दर्शनी जाळी, दिवे, कडा व अंतर्भाग वेगळे ठेवीत. एंजिने मात्र अद्याप प्रत्येक विभागाची स्वतःची असत. भेद काही अंशी खरा, काही अंशी दिखाऊ, असा हा समतोल होता व तो बराच काळ टिकला.

श्रेणीच्या शिखरावर कोणास स्थान असावे, हा प्रश्नही याच सुमारास पुढे आला. पीटर ड्रकर या व्यवस्थापनतज्ञाने आपल्या आठवणींत नमूद केल्याप्रमाणे, नाममुद्रेची प्रतिष्ठा जपण्यासाठी कृष्णवर्णीयांना गाडी विकू नये, असे कॅडिलॅक विभागाचे धोरण होते. सधन कृष्णवर्णीयांना एखाद्या गोऱ्या मध्यस्थास पैसे देऊन त्याच्या नावे गाडी घ्यावी लागे. निकोलस ड्रेश्टाट या अधिकाऱ्याने ही गोष्ट वरिष्ठांपुढे मांडून धोरण बदलावयास लावले व मंदीत बंद पडण्याच्या मार्गावर असलेला विभाग सावरला, असे ड्रकरचे कथन आहे. संस्थेने विकावयास काढलेल्या प्रतिष्ठेची किंमत मोजण्याची ऐपत असूनही एका समाजगटास ती नाकारली जात होती, हे यावरून दिसते.

प्रतिस्पर्धी : वॉल्टर क्रायस्लर याने १९२८ मध्ये डॉज कंपनी विकत घेतली, त्याच वर्षी प्लिमथ व डीसोटो या नाममुद्रा काढून त्याने क्रायस्लर या नावाखाली तशीच श्रेणी उभी केली. फोर्डकडे १९२२ पासून लिंकन ही महाग नाममुद्रा होती. पण ती व फोर्ड यांमधील जागा १९३८ मध्ये मर्क्युरी येईपर्यंत रिकामीच होती. त्यामुळे फोर्डचा समृद्ध झालेला ग्राहक अनेकदा ब्यूइक वा ओल्डझमोबीलकडे जाई. ही गळती थांबविण्यासाठी सप्टेंबर १९५७ मध्ये फोर्डने एडसेल ही नवी नाममुद्रा मोठ्या जाहिरातीनिशी आणली. ती मर्क्युरीहून खालची की वरची, हे ग्राहकास उमगले नाही. शिवाय ती मंदीच्या तोंडावर आली. नोव्हेंबर १९५९ मध्ये ती बंद झाली. तिच्यापायी फोर्डला सु. २५ कोटी डॉलरचा तोटा झाला, असा सर्वसाधारण अंदाज आहे. श्रेणीत नवी पायरी घालणे केवळ जाहिरातीने साधत नाही, याचे हे उदाहरण म्हणून सांगितले जाते.

उत्कर्ष : दुसऱ्या महायुद्धानंतरची दोन दशके हा या श्रेणीचा सुवर्णकाळ होय. वेतने वाढत होती, उपनगरे पसरत होती व युद्धकाळात नागरी गाड्यांचे उत्पादन बंद असल्याने मागणी तुंबली होती. १९५५ मध्ये जनरल मोटर्सचा वार्षिक नफा १०० कोटी डॉलरच्या वर गेला. हा टप्पा गाठणारी ती पहिली अमेरिकन संस्था ठरली. देशात विकल्या जाणाऱ्या गाड्यांपैकी जवळजवळ निम्म्या तिच्या असत. कारागिराची शेव्हरोले, मुकादमाची पाँटिॲक, डॉक्टरची ब्यूइक व बँकेच्या अध्यक्षाची कॅडिलॅक, अशी समजूत समाजात रुजली होती. १९४८ च्या कॅडिलॅकवर अर्लच्या विभागाने मागे लहान कल्ले बसविले आणि पुढील दशकात ते खालच्या पायऱ्यांवर उतरत गेले. शिखरावरचे रूप काही वर्षांनी तळाशी येई, त्या वेळी शिखराने दुसरेच रूप घेतलेले असे. या व्यवस्थेवर टीकाही झाली. व्हान्स पॅकर्ड याने १९५० नंतरच्या दशकात लिहिलेल्या ग्रंथांत जाहिरातदार ग्राहकाच्या प्रतिष्ठेच्या भुकेचा लाभ घेतात, असे दाखविले.

ऱ्हास : श्रेणीतील भेद दोन्ही बाजूंनी पुसट होत गेले. प्रत्येक विभाग अर्धस्वायत्त असल्याने आपला ग्राहक वर जाऊन दुसऱ्या विभागाचा व्हावा, यात विभागप्रमुखास वा विक्रेत्यास लाभ नव्हता. संस्थेचा फायदा ग्राहकाने नाममुद्रा बदलण्यात, तर विभागाचा फायदा त्याने ती न बदलण्यात होता. साहजिकच शेव्हरोलेने आपल्या ग्राहकासाठी शेव्हरोलेतच वरच्या पायऱ्या बांधल्या. १९५८ ची इंपाला व १९६५ ची कप्रिस ही त्याची उदाहरणे होत. दुसरीकडे १९६० नंतर पाँटिॲक, ओल्डझमोबील व ब्यूइक यांनी लहान व स्वस्त गाड्या काढून खालच्या पायऱ्यांवर प्रवेश केला. प्रत्येक नाममुद्रेकडे जवळजवळ सर्व आकारांच्या गाड्या आल्यावर नावावरून स्थान कळेनासे झाले.

१९७३ च्या तेलटंचाईनंतर गाड्या लहान करणे भाग पडले, इंधनबचत व प्रदूषण यांविषयीच्या नियमांमुळे अभियांत्रिकीचा खर्च वाढला आणि बचतीसाठी भागांची समाईक वाढविण्यात आली. १९७७ मध्ये काही ओल्डझमोबील गाड्यांत शेव्हरोलेची एंजिने बसविल्याचे उघडकीस येऊन ग्राहकांनी न्यायालयात धाव घेतली. एंजिन कामास वाईट नव्हते. पण ज्या भेदासाठी अधिक पैसे दिले तो भेदच गाडीत नाही, ही ग्राहकाची तक्रार होती. १९८१-८२ मध्ये एकाच सांगाड्यावरील लहान गाडी पाचही नावांनी बाजारात आली. तिचे कॅडिलॅक रूप सिमरॉन हे स्वस्त शेव्हरोले कॅव्हलियरशी इतके मिळतेजुळते होते की, १९८८ मध्ये ते बंद होईपर्यंत श्रेणीच्या शिखराचीच प्रतिष्ठा त्याने खालावली. १९८३ मध्ये फॉर्च्यून या नियतकालिकाने चार नाममुद्रांच्या एकसारख्या दिसणाऱ्या गाड्या मुखपृष्ठावर छापून ही स्थिती वाचकांपुढे ठेवली. पुढील वर्षी संस्थेने पाच विभागांचे दोन गट केले. परंतु भेद परत आले नाहीत.

१८९७ मध्ये स्थापन झालेल्या ओल्डझमोबीलची शेवटची गाडी २९ एप्रिल २००४ रोजी तयार झाली. २००८ मध्ये देशातील विक्रीत जनरल मोटर्सचा वाटा एक-चतुर्थांशाहूनही कमी होता. १ जून २००९ रोजी संस्थेने दिवाळखोरी-संरक्षणासाठी अर्ज केला. निवृत्तिवेतनाचा भार, जपानी स्पर्धा व २००८ चे वित्तीय अरिष्ट ही त्याची मोठी कारणे होती. तथापि एकमेकींची गिऱ्हाइके खाणाऱ्या नाममुद्रा पोसण्याचा खर्च हेही एक कारण होते. सरकारी साहाय्याने झालेल्या पुनर्रचनेत पाँटिॲक बंद झाली. फोर्डने २०१० मध्ये मर्क्युरीही बंद करण्याचा निर्णय घेतला. क्रायस्लरची डीसोटो १९६० मध्ये व प्लिमथ २००१ मध्ये संपली होती.

अन्य रूपे : नाव न बदलता केवळ अंकांनी पायऱ्या दाखविण्याची पद्धत जर्मनीत रूढ झाली. बी. एम. डब्ल्यू.ने १९७२ ते १९७७ या काळात ३, ५ व ७ अशा मालिका प्रस्थापित केल्या. यात वर चढणाऱ्यास विक्रेता बदलावा लागत नाही व सर्वांत लहान गाडीसही शिखराच्या नावाचा लाभ मिळतो. जपानी संस्थांनी अमेरिकेत याउलट मार्ग धरला. स्वस्त व विश्वासार्ह ही आपली ख्याती महाग गाडीस बाधक ठरेल, हे जाणून होंडाने १९८६ मध्ये अक्यूरा आणि टोयोटा व निसान यांनी १९८९ मध्ये अनुक्रमे लेक्सस व इन्फिनिटी या नाममुद्रा स्वतंत्र विक्रीदालनांसह काढल्या. फोक्सवॅगन समूहाने १९९० नंतर श्कोडा, सेआट, फोक्सवॅगन व आउडी या चारही नावांत समाईक सांगाडे वापरले. पण आकार, अंतर्भाग व एंजिने यांत दिसणारा भेद राखण्यावर भर दिला.

भारत : जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत मोटारगाड्यांच्या जुळणीचा कारखाना सुरू केला आणि शेव्हरोलेसारखी नावे मुंबई इलाख्यातील वाचकांच्या ओळखीची झाली. स्वातंत्र्योत्तर काळात ज्यांच्याकडे संपूर्ण उत्पादनाची योजना नव्हती, अशा परदेशी जुळणी-संस्थांना येथे स्थान उरले नाही. हा कारखाना १९५४ मध्ये बंद झाला. पुढील तीन दशके परवाना-पद्धतीखाली मुख्यतः ॲम्बॅसॅडर, कुर्ला (मुंबई) येथील कारखान्यातील फियाट (नंतरची प्रीमियर पद्मिनी) व मद्रासची स्टँडर्ड यांपैकी एक गाडी मिळत असे. तीही नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबल्यावर. जेथे गाडी मिळणे हेच प्रतिष्ठेचे लक्षण होते, तेथे पायऱ्यांना अर्थ नव्हता. १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० मुळे मध्यमवर्गास पहिली पायरी मिळाली व १९९१ नंतरच्या उदारीकरणात वरच्या पायऱ्या तयार झाल्या. मारुती सुझुकीने २०१५ मध्ये महाग गाड्यांसाठी नेक्सा ही निराळी विक्रीदालने काढली. पुण्याजवळील चाकण येथे एकाच कारखान्यात तयार होणाऱ्या फोक्सवॅगन व्हेंटो व श्कोडा रॅपिड या गाड्या समाईक सांगाड्याच्या पद्धतीची परिचित उदाहरणे ठरली.

पायरीच्या नावाचे महत्त्व टाटा नॅनोच्या अनुभवातून अधिक स्पष्ट झाले. २००९ मध्ये विक्रीस आलेली ही गाडी दुचाकीवरून चारचाकीवर येणाऱ्या कुटुंबांसाठी होती. तिची ओळख मात्र सर्वांत स्वस्त गाडी अशी झाली व ही ओळख तिला बाधक ठरली, हे रतन टाटा यांनी पुढे जाहीरपणे मान्य केले. वर चढल्याचे समाधान हवे असलेल्या ग्राहकास तळाची पायरी म्हणून पुकारलेली वस्तू आकर्षक वाटली नाही. जनरल मोटर्स १९९० नंतर भारतात परतली, २००८ मध्ये तिने तळेगाव येथे कारखाना सुरू केला. परंतु २०१७ च्या अखेरीस तिने देशांतर्गत विक्री थांबविली. कारखाना पुढे ह्युंदाई कंपनीकडे गेला.

मूल्यमापन : किंमतश्रेणीने मोटारगाडीस उपयुक्त वस्तूबरोबरच सामाजिक स्थानाचे चिन्ह बनविले. तिच्यामुळे ग्राहकास निवड मिळाली, सुखसोयी वेगाने खालच्या थरापर्यंत पोहोचल्या व मोठ्या उत्पादनाचा लाभ लहान विभागांनाही झाला. त्याचबरोबर सुस्थितीतील वस्तू टाकून देण्याची व ऐपतीच्या कडेवर कर्ज काढण्याची सवयही तिने लावली. श्रेणीच्या यशासाठी खर्चाच्या दृष्टीने गाड्या शक्य तितक्या सारख्या आणि ग्राहकाच्या दृष्टीने पुरेशा भिन्न असाव्या लागतात. या दोन गरजा परस्परविरोधी आहेत. स्लोनच्या काळात भेद राखण्याची शिस्त वरून पाळली गेली, म्हणून ग्राहकाने अधिक किंमत खुशीने मोजली. ती शिस्त सुटल्यावर नावे उरली, परंतु त्यांसाठी अधिक पैसे देण्याचे कारण उरले नाही.